तुम्ही होतात म्हणून

वाक्य तोंडातून निघालं आणि निघता निघताच तिच्या लक्षात आलं की आपण भलतंच काहीतरी बोलून बसलो. ट्रामच्या थांब्यावर उभी होती ती, एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हातात पिशवी, आणि फोन मान वाकडी करून कानाशी दाबलेला. अशा अवघडलेल्या अवस्थेत ती आपल्या नणंदेला म्हणाली होती, "थँक यू हं वन्सं. खरंच. तुम्ही होतात म्हणून मला इथे येता आलं." पलीकडे एकदम सामसूम झाली. मागे टीव्ही चालू होता तो चालूच होता, पण वन्सं नव्हत्या. मग आवाज आला, "बरं." आणि जरा थांबून, "जप हो स्वतःला." संपलं. वन्सं म्हणजे एकदा बोलायला लागल्या की समोरच्याला 'हं' म्हणायलाही फट ठेवत नसत. फोन संपवायचा म्हटलं तरी त्यांना चार वेळा संपवावा लागे. त्या बाईने असं दोन शब्दांत आटपावं? ट्राम आली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. ती तशीच उभी राहिली.

शेवटी ती चालतच निघाली. या शहरात चालणं तिला आवडायचं. तीन महिने होत आले, तरी रोज सकाळी त्या रुंद फुटपाथावर पाऊल टाकताना तिला कोणीतरी आपल्याला उगाचच काहीतरी देऊन टाकलंय असं वाटे. आज तेही वाटेना. काय बिघडलं एवढं, ती स्वतःला विचारत होती. वाईट तर काही बोलले नाही. इथे तर दिवसभर हेच चालतं. कोणी दार धरलं, थँक यू. कोणी दार धरलं नाही पण धरायच्या बेतात होता, त्यालाही थँक यू. ट्राममधून उतरताना चालकाला, दुकानातून काही न घेता बाहेर पडताना दुकानदाराला, आणि एकदा तर, तिची तीच हसली होती नंतर, तिकीट देणाऱ्या यंत्राला. पहिल्या आठवड्यात ती मोजून मापून म्हणायची, दुसऱ्या महिन्यात जीभ आपोआप वळायला लागली. पण यंत्राला म्हणणं वेगळं आणि वन्संना म्हणणं वेगळं. त्यांच्या घरात हा शब्द कधी कोणी वापरलाच नव्हता. पाण्याचा पेला हातात दिला तर 'ठेव तिथे', डबा भरून दिला तर 'आज पुन्हा तेच?', आणि तापात रात्रभर कोणी उशाशी बसलं तर सकाळी 'तुम्ही झोपल्या नाहीत ना, आता तुम्ही पडाल आजारी, मग मला बघावं लागेल'. यातच सगळं आलं. वेगळं काही म्हणायचं म्हणजे समोरच्याला सोफ्यावर बसवून चहा विचारण्यासारखं झालं.

आणि मुळात तिने फोन थँक यू म्हणायला केलाच नव्हता. ते तर आणखीच खरं. आदल्या दिवशी संध्याकाळी रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिला इथल्या संग्रहालयात तीन महिने राहून काम करायला बोलावणाऱ्या योजनेच्या, संयोजिकेने तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं की तिचं काम सगळ्यांना फार भावलंय; प्रदर्शनासाठी कोपऱ्यातल्या छोट्या खोलीऐवजी पहिल्या मजल्यावरचं मोठं दालन देता येईल; पण मग मांडणी, मजकूर, दिवे, सगळंच नव्याने करायचं, म्हणजे आणखी दोन महिने राहावं लागेल. "आज उद्यात सांगा," ती म्हणाली, "दुसरं कोणी वाट बघतंय." मोठं दालन! तिने कोणालाच न सांगता जाऊन ते पाहूनसुद्धा घेतलं होतं. तिन्ही बाजूंनी नुसत्या भिंती, पांढऱ्या, कोणाचीही वाट न बघणाऱ्या. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या प्रदर्शनांचे खिळे मोजले होते. तिकडच्या तिच्या संग्रहालयात ती वस्त्रविभागाची अभिरक्षक, म्हणजे पाटीवर. एरवी गळक्या छताखाली बादल्या ठेवणं, पाहुणे आले की खुर्च्या मांडणं, शाळेच्या सहली आल्या की 'हात लावू नका रे' म्हणून ओरडणं, आणि वरच्या साहेबांच्या नावाने लेख लिहून देणं, हे काम. सकाळी ती वन्संना विचारायला फोन करायला निघाली होती: राहू का अजून दोन महिने? घर बघाल का? आणि विचारायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप. आणखी मागायचं? एवढं घेतलं तेवढं पुरे नाही झालं? असं काहीतरी घशाशी आलं, आणि मागण्याच्या जागी ते मेलं थँक यू बाहेर पडलं. मागायचं होतं ते राहिलं आणि द्यायचं नव्हतं ते देऊन बसलो, असं झालं सगळं.

संग्रहालयाच्या मागच्या दारातून ती तळघरातल्या कोठारात उतरली. इथली हवा कोरडी, थंड, आणि कागदाचा हलका वास असलेली. लांबच लांब सपाट खण, आणि प्रत्येक खणात पातळ कागदात गुंडाळून निजवलेलं एकेक कापड. तिचा विषय होता रफू. राजेरजवाड्यांचे पोशाख पुष्कळांनी अभ्यासले होते. तिला बघायची होती ती फाटलेली, झिजलेली, कोणीतरी घरात बसून दुरुस्त केलेली साधी कापडं. टेबलावरची चादर, मुलाचा सदरा, कोपरावर विरलेला कोट. या कोठारात तसलं पुष्कळ होतं आणि आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कापडांचं जतनकाम बघणारी बाई रोज तिच्याबरोबर असे. तिच्या हातात सदानकदा चिमटा, म्हणून हिने मनातल्या मनात तिचं नाव चिमटी ठेवलं होतं. एक दिवस चुकून मोठ्याने तोंडातून गेलं, अर्थ सांगावा लागला, आणि तेव्हापासून ती बाई स्वतःच स्वतःला चिमटी म्हणवून घेऊ लागली. दोघींचं पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवरून भांडण. चिमटीचा नियम असा की दुरुस्ती जवळून पाहिलं तर दिसली पाहिजे, नाहीतर ती फसवणूक. हिचं म्हणणं, आमच्याकडे रफू दिसलं की त्या माणसाचा हात वाईट. गिऱ्हाइकाने कापड उजेडात धरावं, उलटंसुलटं करावं, आणि म्हणावं, कुठे फाटलं होतं हो? "मग बिचाऱ्याचं कौतुक कसं होणार?" चिमटी विचारायची. "नाही होत," ही म्हणायची. "पुन्हा फाटलं की त्याच्याकडेच नेतात. तेच कौतुक."

आज चिमटीने खण उघडला आणि ही नुसती बघत राहिली. काही हवंय का, बरं नाही का, चिमटीने विचारलं. काही नाही, म्हणाली. भिंगाखाली एका सदऱ्याची बाही होती. उभे धागे, आडवे धागे, एक वर एक खाली, भोकाच्या चारी बाजूंनी धरून आणलेले. तिला आठवत होती ती संध्याकाळ, नवरा गेल्यानंतरची. आलेली सगळी माणसं एकेक करून पांगली होती. प्रत्येकाने जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, काही लागलं तर सांग म्हटलं होतं, आणि जिना उतरला होता. वन्सं तेवढ्या उतरल्या नाहीत. त्या इस्पितळात मेट्रन होत्या, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची स्वतःची खोली होती, लग्न केलं नव्हतं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, "चार दिवस राहते." ही 'बरं' म्हणाली होती. ते चार दिवस अजून चालू होते. लेक तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आता कॉलेजात जात होती. मधल्या इतक्या वर्षांत ना त्या म्हणाल्या जाते, ना ही म्हणाली राहा. खरं तर नातं धरून ठेवणारा जो माणूस होता तोच मधून गेला होता. कायद्याने म्हणा, रीतीने म्हणा, त्या दोघी एकमेकींच्या आता कोण, हे कोणालाच सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी तो विषय कधी काढलाच नाही. न काढल्यामुळेच ते टिकलं होतं.

रेसिडेन्सीचं पत्र आलं तेव्हाही नाही म्हणायचं हे तिने ठरवूनच टाकलं होतं. वन्संनी विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय तिथे?" ती म्हणाली, "राहायचं." "नुसतं राहायचं? मग इथे काय वाईट राहतेस?" तिने समजावलं, की खोली देतात, काम करायला जागा देतात, आपल्याला हवं ते वाचायचं, बघायचं, कोणी काम सांगत नाही, उठवत नाही, विचारत नाही. वन्संनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माहेरपण. सरळ सांग की तसं." आणि मग, देठ बाजूला टाकत, "जा मग. तुला कुठे राहिलंय माहेर." एवढंच. तिचे आईवडील कधीच गेले होते. नवऱ्याची बहीण तिला माहेरी पाठवत होती, परक्या देशात, परक्या माणसांच्या घरी. विमानात बसल्यावर खिडकीला नाक लावून ती रडली होती, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. इथे आल्यावर पहिल्या सकाळी टेबलाशी बसली, खिडकीतून ऊन टेबलावर आलं, आणि दुपारपर्यंत कोणी 'मॅडम, पाहुणे आलेत' म्हणालं नाही, तेव्हा पुन्हा. कृतज्ञता म्हणजे काय असतं ते तिला या तीन महिन्यांत अंगाने कळलं होतं; छातीत भरून येई, आणि कुठे ओतावं ते कळत नसे. तेच सकाळी ट्रामच्या थांब्यावर सांडलं होतं, नको तिथे.

दुपारी लेकीचा फोन आला. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून तिने घेतला. "आई, तू आत्याला काय बोललीस?"

"मी? काही नाही गं. थँक यू म्हटलं."

"थँक यू?" लेकीचा आवाज एकदम चढला. "आत्याला? आई, तू वेडी आहेस का?"

"अगं, सहज..."

"सहज काय! फोन झाल्यापासून ती गप्प आहे. मी कॉलेजातून आले, चपला घालून सरळ आत गेले, तरी ओरडली नाही. ओला टॉवेल गादीवर टाकला मी, मुद्दाम टाकला, तर उचलून वाळत घातला. मला भीतीच वाटली. आणि आता तिच्या त्या जुन्या खोलीवर गेलीये, झाडून घ्यायला. म्हणाली, तुझी आई येईल आता, माझं काम झालं. हसत म्हणाली गं. ते जास्त वाईट."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई, ती गेली तर मी तुझ्याशी बोलणार नाही," लेक म्हणाली, आणि तेवढ्यावर न थांबता, "मी तिच्याकडे राहायला जाईन," असंही म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती पायरीवरच बसून राहिली. माझं काम झालं. हे शब्द कुठून आले ते तिला तत्क्षणी कळलं. वन्संचा निरोपसमारंभ. इस्पितळाच्या सभागृहात दुसऱ्या रांगेत ही आणि लेक बसल्या होत्या. एकामागून एक डॉक्टर उठले, आणि प्रत्येकजण तेच बोलला: तुम्ही होतात म्हणून हा वॉर्ड चालला, तुम्ही होतात म्हणून आम्ही घडलो. टाळ्या, हार, फोटो. वन्सं ताठ बसून ऐकत होत्या. आणि समारंभ आटोपल्यावर, हार सुकायच्या आधीच, कोणीतरी हसतमुखाने येऊन त्यांच्या कमरेची औषधांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. घरी येताना रिक्षात वन्सं एवढंच म्हणाल्या, "होतात म्हणे. मी काय मेले का?" ही आणि लेक किती हसल्या होत्या तेव्हा. आणि आज तिने स्वतःच्या तोंडाने, ताजी कॉफी पीत पीत, तेच भाषण त्यांना ऐकवलं होतं. होतात! आता किल्ली मागायची तेवढी राहिली होती, ती त्या बाईने आपणहून काढून ठेवायला घेतली.

माफी मागावी, असं आधी मनात आलं. चुकलं माझं वन्सं, तसं म्हणायचं नव्हतं. पण माफीसुद्धा त्याच जातीची. तीही समोर बसवून, हात जोडून करायची गोष्ट. वन्सं म्हणाल्या असत्या, "अगं, त्यात काय," आणि आणखी नीट झाडून घेतली असती खोली. समजावून सांगावं? की इथे सगळे म्हणतात, जिभेला सवय लागली? म्हणजे तर वन्सं आणि ते तिकिटाचं यंत्र एका पंगतीला. ती उठली, परत बसली. वरून संयोजिका जिना उतरत आली, हातात छापायला द्यायचा मजकूर. छोटी खोली असो की मोठं दालन, दाराशी आभाराचा फलक लागणारच. ही इथली पद्धत. सगळ्यांची नावं लिहायची, अगदी घरच्यांचीही. तिने गेल्याच आठवड्यात यादी दिली होती आणि सगळ्यात वर वन्संचं नाव घातलं होतं, मोठ्या अभिमानाने. "एकदा तपासून द्या," संयोजिका म्हणाली. तिने पेन घेतलं आणि वरचं नाव खोडलं.

संयोजिका गोंधळली. "हे तर तुम्हीच म्हणाला होतात ना, या बाईंमुळे येता आलं?"

"हो."

"मग भांडण झालं का काही?"

"नाही झालं अजून," ती म्हणाली. "करायचं आहे. मला जरा तास दीड तास द्या, मग दालनाचं सांगते." संयोजिकेने तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि काय सुचलं कोण जाणे, तिच्या खांद्यावर हात ठेवून वर निघून गेली. सगळीच माणसं इतकी चांगली कशी, असं वाटून तिला पुन्हा भरून आलं. पण आता ते भरून येणं कामाचं नव्हतं.

जिना चढून वरच्या बोळात खिडकीशी उभं राहून तिने फोन लावला. खूप वेळ वाजला. मग वन्सं. आवाज घुमत होता, रिकाम्या खोलीत घुमतो तसा. "बोल. जेवलीस का?" लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाला विचारावं तसं. "काम नीट चाललंय ना? थंडी फार नाही ना?" प्रत्येक वाक्य स्वच्छ, घडी घातलेलं. ही बाई आपल्याशी सभ्यपणे बोलतेय, या एका गोष्टीने तिचा जीव असा काही घाबरला की विचार करायला उसंतच मिळाली नाही.

"वन्सं, मी येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"येत नाही इतक्यात. अजून दोन महिने. मला मोठं दालन देतायत आणि मला ते हवंय. फार हवंय. तुम्ही घर बघायचं. लेकीची परीक्षा आहे, ती अभ्यासाला बसत नाही, तिला तुम्ही बसवायचं. न्हाणीघरातला नळ दुरुस्त करून घ्यायचा, त्या माणसाला तुम्हीच शिव्या देऊ शकता, मला जमत नाही. माझे लोकरीचे कपडे उन्हात घालायचे. आणि ती खोली बंद करा आधी. कोणाला विचारून गेलात तिथे? घरात पोरगी एकटी, आणि तुम्ही झाडू घेऊन कसल्या फिरताय?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. बोळाच्या टोकाला चिमटी आली होती, ती तशीच मागे वळली. "मला जमणार नाही वन्सं, तुमच्याशिवाय. तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही, पुढेही नाही जमणार. एवढंच सांगायचं होतं सकाळी."

तिने डोळे मिटून घेतले. खिडकीची काच कपाळाला थंड लागत होती.

"दोन महिने," वन्सं म्हणाल्या. मग मोठ्याने, "दोन महिने? लाज वाटते का गं तुला थोडी तरी? तीन म्हणून गेलीस, आता पाच! उद्या म्हणशील पाचाचे दहा. मला काय दुसरा उद्योग नाही? त्या तुझ्या कार्टीमागे धावून धावून माझे गुडघे बोलायला लागलेत. ओला टॉवेल गादीवर टाकते, सांगून ठेवते तुला, हे वळण तुझं. आणि नळवाल्याला मी काय शिव्या देऊ, तो मेला फोनच उचलत नाही. लोकरीचे कपडे केव्हाच घातले उन्हात, तुझ्या सांगण्याची वाट बघत बसले असते तर कसर लागली असती. म्हणे मोठं दालन! छोट्यात काय होत नव्हतं? किती मोठं आहे?"

"खूप मोठं आहे," ती म्हणाली. नाक ओढत होती, हसत होती, आणि दोन्ही लपवायची गरज वाटत नव्हती.

"रडू नकोस, काम असतं माणसाला. आणि हे बघ, अजून दोन महिने मी काही त्या हॉलमधल्या दिवाणावर काढणार नाही. पाठीचा पार भुगा झालाय माझ्या. ती फोम दबलेली गादी, मधे खड्डा, कडेला दांडा. इथला माझा पलंग मी तिकडे आणतेय. सामान हलवायला बोलावलेला टेंपोवाला खालीच उभा आहे, आत्ताच सांगते त्याला."

इतकी वर्षं वन्सं त्या दिवाणावर निजत आल्या होत्या, रोज सकाळी पांघरूण घडी करून, कोणाच्या दृष्टीला पडणार नाही असं आत ठेवून. आणि पाठीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. "आणा ना," ती कशीबशी म्हणाली.

"शिसवी आहे, आजोबांच्या वेळचा. अवाढव्य. आतल्या खोलीत लावायचा तर तुझं पुस्तकांचं कपाट तिथून हलवावं लागेल."

"हलवा वन्सं. कुठेही हलवा."

"विचारत नाहीये मी तुला," वन्सं म्हणाल्या. "सांगतेय."